ब्रिनमेलिनचा खर्ज

माझा भाऊ इद्वल तीस वर्षं घराबाहेर होता आणि त्याच्याबद्दल मला जे काही कळलं, त्यातलं निम्मं वेल्शपूलच्या मेंढीबाजारात कळलं. तुमचा इद्वल टीव्हीवर दिसला, तुमचा इद्वल अमेरिकेला गेला, तुमच्या इद्वलनं केस कापले. मी आपली विकायच्या मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या रंगाच्या खुणा करत "हो का" म्हणायची. भाऊ माझा आणि बातम्या लोकांकडे, याचा मला राग यायचा, तो मी कधी लपवलाही नाही.

अठराव्या वर्षी तो 'टिन चॅपल' नावाच्या रॉक बँडबरोबर निघून गेला. बेस गिटार वाजवायचा. आमचे वडील, ताद, त्या गिटारीबद्दल म्हणायचे, "चार तारा आहेत तिला, त्यातल्या दोन हा वाजवतो." पण खर्ज त्याला शिकवला होता तो तादनीच, तोही गळ्यातून. तेराव्या वर्षी इद्वलचा आवाज फुटला, तेव्हा अख्खा हिवाळा रोज संध्याकाळी त्याला स्वयंपाकघरात चुलीपाशी उभं करून त्यांनी खालची ओळ घोटून घेतली. खर्ज म्हणजे घराचा पाया, पाया पाहुण्यांना दाखवायचा नसतो, पण हलला की पाहुण्यांना बरोबर कळतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी तेव्हा दहा वर्षांची. टेबलाखाली बसून मी तीच ओळ बारीक आवाजात म्हणायची आणि कुणी शाबास म्हणायचं नाही.

टिन चॅपल अकरा वर्षं चालला. शेवटी रॉटरडॅममध्ये गायक आणि ड्रमवाला दोन वेगळ्या गाड्यांनी निघाले आणि परत एका खोलीत आलेच नाहीत. इद्वल मग काचेच्या पलीकडे बसायला लागला, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डचा प्रोड्यूसर झाला. एकदा उन्हाळ्यात दोन दिवसांसाठी आला, तेव्हा तादनी विचारलं, प्रोड्यूसर म्हणजे नेमकं करतोस काय? तो म्हणाला, लोक वाजवतात, मी त्यांना 'परत' म्हणतो किंवा 'पुरे' म्हणतो. ताद म्हणाले, ते मी चर्चमध्ये फुकट करतो.

पण काम त्याला जमलं. पहिली बारा वर्षं बरं चाललं आणि नंतरच्या सहा वर्षांत तर त्याचं नाव फारच झालं. त्याच्या रेकॉर्डमधला खर्ज ऐकताना पायाखालची जमीन हलते, असं पेपरात छापून आलं. पोरंपोरी बँड काढायची आणि तसाच खर्ज हवा म्हणून त्याच्यापुढे रांग लावायची. त्यानं पाठवलेल्यांतली एक रेकॉर्ड मी घरी लावली, तर कपाटातल्या बशा वाजायला लागल्या. ताद ऐकत होते. ते उठून बाहेर गेले.

आता आमच्या कॅरलबद्दल, म्हणजे नाताळच्या भजनाबद्दल सांगायला हवं.

वेल्समधल्या आमच्या खोऱ्यात नाताळ उलटला तरी जानेवारीत प्लिगाइन असते. संध्याकाळी सात वाजता मेणबत्त्या लावून सगळे चर्चमध्ये बसतात, पाद्री छोटी प्रार्थना म्हणतो, प्लिगाइन खुली झाली असं सांगतो आणि तोही खाली बसतो. पुढे कुणी कुणाचं नाव पुकारत नाही. ज्या घरची पार्टी, म्हणजे गाणाऱ्यांचा गट, तयार असेल ती बाकावरून उठते, पुढे जाऊन वाद्याशिवाय आपली कॅरल म्हणते आणि परत येऊन बसते. टाळ्या नाहीत. सगळ्यांची एक फेरी झाली की त्याच क्रमानं दुसरी. एकदा म्हटलेली कॅरल त्या संध्याकाळी पुन्हा म्हणायची नाही. आणि ज्या शेताची जी कॅरल, तिला दुसऱ्यांनी हात लावायचा नाही. पण या नियमाची दुसरी बाजूही आहे. म्हटली नाही, तर ती कॅरल कुणाचीच राहत नाही.

ब्रिनमेलिनची, म्हणजे आमच्या शेताची कॅरल, पणजोबांच्या हातच्या वहीत आहे. अकरा कडवी, एदनच्या बागेपासून थेट शेवटच्या निवाड्यापर्यंत. प्रत्येक कडव्याच्या मध्यावर वरचे आवाज थांबतात आणि एक ओळ खर्ज एकटा म्हणतो. त्या ओळीचा शेवटचा सूर पकडून बाकीच्यांनी आत यायचं. खर्जाशिवाय ती होतच नाही. तादचा स्वतःचा गळा वरचा, त्यामुळे इद्वल गेला आणि ती वहीत पडून राहिली. ताद आणि मी दरवर्षी दोन आवाजांतलं दुसरंच काहीतरी म्हणायचो. पुढल्या वर्षी इद्वल येईल, असं ताद तीस वर्षं सांगत राहिले.

शेजारच्या हावोद शेतावरच्या मेरिगनं ती तीनदा मागितली होती. मेरिग सज्जन माणूस. घरात तीन धडधाकट मुलगे, त्यांतल्या एकाचा खर्ज तर तळघरातून आल्यासारखा. दोनदा तादनी नाही म्हटलं. त्या वर्षी, सत्त्याण्णवच्या शरदात, ताद महिनाभर छातीनं आजारी होते, वय ब्याऐंशी, जिना चढताना दोनदा थांबायचे. तिसऱ्यांदा मेरिग आला तेव्हा ते म्हणाले, तालीम करून ठेव. दुसऱ्या फेरीत आम्ही ती घेऊन उठलो नाही तर तुम्ही उठा. मग ती हावोदची.

मी त्या दिवशी मेरिगला चहासुद्धा नीट विचारला नाही. रात्रभर जळफळले आणि सकाळी इद्वलला फोन केला. आमचा म्हातारा आपली कॅरल देऊन टाकतोय, तू येणार आहेस की तेही मला बाजारात कळणार, असं विचारलं. तो म्हणाला, येतो.

प्लिगाइनच्या चार दिवस आधी तो आला. जाड झाला होता, पण हसणं तेच. पहिली तालीम स्वयंपाकघरातच झाली. तादनी सुराचा चिमटा, म्हणजे सूर देणारा दोन टोकांचा लोखंडी काटा, गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला, सूर गुणगुणून दिला. पियानोवर पांढरी पाच. इद्वलचा आवाज निघाला आणि मला एकदम भरून आलं, इतका तो भरदार होता. तिसऱ्या कडव्यात मात्र तो एकटा उतरला, तेव्हा मला खटकलं. सूर थोडा खाली होता. मी तादकडे पाहिलं. याहून लहान चुकीला त्यांनी माझ्या आत्याला भर चर्चमध्ये थांबवलं होतं. ते खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, "पुन्हा." पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. ताद म्हणाले, आज एवढं पुरे, माझा दम गेला.

मला वाटलं, सवय गेली असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गवताचा ट्रेलर जोडून ट्रॅक्टर खिडकीखाली चालूच ठेवला आणि सूप प्यायला आत आले. जुना डिझेल ट्रॅक्टर तो, घरघर अशी की टेबलावरचे चमचे थरथरत होते. इद्वल पाव मोडत म्हणाला, "नेस्ता, इथे किती शांत असतं गं."

मी चमचा खाली ठेवला. ताद वर झोपले होते.

"ट्रॅक्टर चालू आहे, इद्वल."

त्यानं खिडकीकडे पाहिलं. मग हळूच तळहात टेबलावर ठेवला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्याला आत्ता, हातातून कळतंय.

गवताच्या शेडमध्ये त्यानं सगळं सांगितलं. माझ्याबरोबर गवत उतरवत होता, म्हणून बोलणं सोपं गेलं असावं. सहा वर्षं झाली. लोकांचं म्हणे आधी वरचं जातं, पक्ष्यांचे आवाज वगैरे. त्याचं उलट झालं. खालचं गेलं. कार्डिफच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलं ते येणार नाही. माणसं बोलतात ते शब्द कळतात, सूर कळत नाही. गाताना स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, पण तो कुठे उभा आहे ते समजत नाही.

"मग ते रेकॉर्डमधलं," मी म्हटलं, "जमीन हलते वगैरे?"

"मला ऐकू येईपर्यंत वाढवत होतो."

मला हसू फुटलं. आवरायचा फार प्रयत्न केला, पण त्या सगळ्या पेपरवाल्यांचे चेहरे डोळ्यांपुढे आले आणि मी गवतावर बसून हसले. तोही हसला. मग तो हसता हसता थांबला, डोळे पुसले आणि म्हणाला, फेब्रुवारीत फार मोठ्या बँडची रेकॉर्ड आहे. हे बाहेर फुटलं तर पुन्हा कुणी मला काचेमागे बसू देणार नाही. मला दुसरं काय येतं?

मी म्हटलं, तादना सांग. तो नाही म्हणाला. घर सोडताना तादनी म्हटलं होतं, हा गोंगाट तुझे कान खाईल. तीस वर्षांनी घरी येऊन 'खाल्ले' म्हणून कसं सांगायचं? तीस वर्षं ते वाट बघतायत, तो म्हणाला, त्यांची कॅरल त्यांना मिळू दे. नंतर बघू.

माझं डोकं तापलं होतं, पण त्याचं चुकत होतं असंही म्हणवेना. शेवटी आमचं ठरलं. प्लिगाइनला पार्टी एका वहीभोवती डोकी जुळवून, खांद्याला खांदा लावून उभी राहते. मी त्याच्या शेजारी उभी राहणार. सूर उतरला की कोपराला एक चिमटा, म्हणजे वर चढ. पुढचे दोन दिवस तालमीत आम्ही तसं केलं आणि बरंचसं जमलंही. ताद एक शब्द बोलले नाहीत. इतके गप्प ते कधी नसायचे, आणि ते मला तेव्हाच समजायला हवं होतं.

प्लिगाइनला चर्च भरलं होतं. पहिल्या फेरीत ताद आणि मी आमचं नेहमीचं म्हटलं, कारण तादना दोन्ही फेऱ्यांत उठायचं होतं. हावोदची पार्टीही उठली, झकास गायली. दुसरी फेरी सुरू झाली. आमची पाळी आली, आणि मेरिगच्या हातात घडी घातलेले कागद मला दिसले. ताद बाकाला धरून उठले. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे इद्वल. पुढे जाऊन वही उघडली आणि मी इद्वलच्या शेजारी सरकले, तर तादनी माझी बाही धरली, मला पलीकडे ओढलं आणि स्वतः त्याच्याजवळ उभे राहिले. माझा हात इद्वलपर्यंत पोचणंच शक्य नव्हतं.

तादचा सुराचा चिमटा वाजला. पांढरी पाच. पहिलं कडवं सुरेख झालं. दुसरंही. तिसऱ्यात आम्ही दोघं थांबलो, इद्वल एकटा निघाला, आणि ओळ संपेपर्यंत सूर खाली घसरला होता. फार नाही, पण आमच्या चर्चमध्ये दूध पिणाऱ्या पोरांनाही ते कळतं. आता ताद आपल्या सुरात आत येणार, दोन सूर एकमेकांवर आपटणार आणि इथेच सगळं संपणार, असं मला वाटलं. त्यांनी इद्वलकडे पाहिलं, श्वास घेतला आणि ते आत आले ते इद्वलच्या सुरात. घसरलेल्या. पन्नास वर्षांत एक केसभर खाली न गेलेला माणूस तो. मला विचार करायला अर्धा श्वास मिळाला. मीही त्यांच्यामागून खाली उतरले.

पुढच्या प्रत्येक कडव्यात तेच. इद्वल एकटा जायचा, थोडा खाली पोचायचा, आणि ताद जाऊन त्याला तिथे गाठायचे. मी त्यांच्यामागे. आठव्या कडव्याला मी अशा सुरांत होते की जिथे आमच्या खोऱ्यातल्या कुठल्याही बाईनं पाऊल टाकलं नसेल. मला लाज वाटत होती आणि त्याच वेळी असं काही वाटत होतं की पाय जमिनीवर ठरत नव्हते. ताद दमले होते, पण खालच्या सुरांत त्यांना सोपं जात होतं आणि त्यांचा आवाज मऊ झाला होता. इद्वल डोळे मिटून गात होता, चेहरा तेरा वर्षांच्या पोराचा. त्याला काहीच कळलेलं नव्हतं. अकरावं कडवं संपलं तेव्हा आम्ही पांढऱ्या तीनवर होतो.

आम्ही परत येऊन बसलो. मेरिगनं हातातले कागद कोटाच्या खिशात घातले, आणि आपल्या पाळीला त्याची पार्टी दुसरीच कॅरल म्हणाली.

नंतर नेहमीप्रमाणे चर्चच्या मागच्या खोलीत जेवण होतं, थंड हॅम, लोणच्यातलं बीट, मनुकांचा पाव आणि चहा. तिथे कुणी कुणाच्या गाण्याबद्दल बोलत नाही, तशी रीतच आहे. इद्वल खुशीत होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, चिमट्याची गरजच पडली नाही बघ. मी बशीत बघत राहिले. तेवढ्यात मेरिग चहाचा कप घेऊन तादच्या खुर्चीपाशी आला. माणूस सज्जन, पण त्याच्याही कानांना राहवलं नसावं.

"एद्रिद," तो तादना म्हणाला, "ही कॅरल इतकी खालून मी कधी ऐकली नव्हती."

"ब्रिनमेलिनला आता ती अशीच म्हणतात," ताद म्हणाले आणि बीट वाढून घेतलं.

मेरिगनं मान डोलावली. बरोबर आहे, तुमची कॅरल आहे, असं म्हणून तो आपल्या मुलांकडे गेला.

शब्द इद्वलला कळतात. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"किती उतरलो?"

मला खोटं बोलता आलं नाही. "पांढरी तीन."

त्यानं बशी टेबलावर ठेवली. एवढा जाडजूड माणूस, पण मला त्या क्षणी त्याची फार दया आली. तो तादच्या खुर्चीपुढे जाऊन बसला, अगदी गुडघ्याला गुडघा लावून.

"ताद, मला खालचं ऐकू येत नाही. सहा वर्षं झाली."

"माहीत आहे," ताद म्हणाले. "तू त्या रेकॉर्ड पाठवल्यास तेव्हाच शंका आली होती. पहिल्या तालमीला खात्री झाली."

मी म्हटलं, मग मला बाजूला कशाला ओढलंत? मी त्याला सावरलं असतं.

"तू चिमटे काढत होतीस ते मला दिसत नव्हतं का?" ते माझ्याकडे वळून म्हणाले. "चिमट्यांवर अकरा कडवी काढायला तो काय मेंढा आहे?"

इद्वलनं मान खाली घातली होती. त्या खोलीत बाकीचे सगळे जरा जास्तच मोठ्यानं बोलायला लागले होते, आम्हाला एकटं सोडण्याची ती त्यांची पद्धत. तो म्हणाला, तुम्ही थांबवायला हवं होतंत. सगळ्या खोऱ्यासमोर तुमची कॅरल मी खाली पाडली. तुमचं नाव आहे इथे.

तादनी हातातला काटा ठेवला आणि हात त्याच्या मानेवर ठेवला, कोकराला धरतात तसा.

"इद्वल बाख, बाळा," ते म्हणाले, "तू खाली होतास. आम्ही दोघं वर राहून काय करणार होतो?"